पेशीविज्ञानाचा वारसा आणि बुलढाणा

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच समारंभात उद्घाटन झाले आणि त्या दहांच्या यादीत बुलढाण्याचे नाव होते. रुग्णांना अकोला, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरण्याचे प्रसंग आता कमी होतील, अशी अपेक्षा जिल्ह्यात व्यक्त झाली आणि ती रास्तच आहे. मात्र वैद्यकीय महाविद्यालयाकडून समाजाने जी दुसरी अपेक्षा करावयाची असते, तिचा उच्चारही त्या वेळी फारसा कोणी केला नाही. ज्या रोगांवर उपचार करावयाचे त्यांचा शोधही तेथे घेतला जावा, ही ती अपेक्षा. तिची आठवण करून देण्यास एका रोगाचे उदाहरण पुरेसे आहे, आणि ते मुद्दामच अशा रोगाचे घेतले आहे की ज्याविषयी चारचौघांत बोलण्यास माणसे संकोचतात.

शौचाच्या वेळी रक्त पडू लागले की आपल्याकडील माणूस त्यास मूळव्याध म्हणून मोकळा होतो. घरातील वडीलधारे तेच सांगतात, बाजारात जडीबुटी विकणारा तेच सांगतो, आणि एस. टी. स्थानकाच्या भिंतीवरील ‘बिना ऑपरेशन’ इलाजाची जाहिरातही तेच सांगते. बहुसंख्य वेळा ते खरेही असते. परंतु ज्या थोड्या जणांच्या बाबतीत ते खरे नसते, त्यांचे सहा महिने, वर्ष, दीड वर्ष या एका शब्दात निघून जाते आणि मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान होते तेव्हा शस्त्रक्रियेची सोयीची वेळ टळून गेलेली असते. गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ हातमोजा घातलेल्या बोटाने चाचपूनही ध्यानात येऊ शकते. त्यास ना विजेची गरज, ना परदेशी यंत्राची. गरज असते ती डॉक्टरने ही तपासणी टाळू नये आणि रुग्णाने लाजू नये, एवढीच. पण नेमके तेच घडत नाही.

जगात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतातील नव्या रुग्णांचा त्याच वर्षाचा अंदाज ७० हजारांच्या आसपास आहे. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ कमी आहे आणि म्हणूनच शासनाच्या तपासणी मोहिमांत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांना स्थान मिळाले, आतड्यास मिळाले नाही. तंबाखूने तोंडाचे कर्करोग जेथे माजले आहेत, तेथे हा अग्रक्रम चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि रोग विरळ असला म्हणजे तो निरुपद्रवी असतो असे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांचा जो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आतले निघाले. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने साठीनंतरचा रोग आहे. येथे तो घर चालविणाऱ्या माणसास ऐन उमेदीत गाठतो. असे का व्हावे? आहार, आनुवंशिकता, की तरुण माणसांची लोकसंख्याच मोठी असल्याने दिसणारा हा आकड्यांचा खेळ? या प्रश्नाचे उत्तर केवळ मुंबईत बसून मिळण्याजोगे नाही. कारण रुग्णालयात कोण आले हे रुग्णालयास कळते. गावातच कोण राहिले हे त्यास कळत नाही.

ही उणीव ओळखूनच १९६३ साली डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगनोंद सुरू झाली. ग्रामीण भागाचा विचार व्हावयास आणखी चोवीस वर्षे लागली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंद उभी राहिली. तेथील कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि रुग्ण शोधून काढले. खेड्यांतील कर्करोगाविषयी आज जे बोलले जाते, त्याचा बराचसा आधार त्या पायपिटीवर उभा आहे. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर, वर्धा, बार्शी, उस्मानाबाद व बीड ही नावे दिसतात. बुलढाण्याचे नाव त्यात नाही. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात कोणत्या तालुक्यात कोणता कर्करोग किती, या साध्या प्रश्नावर त्या अहवालात एक ओळही सापडत नाही. कापसाचे आणि सोयाबीनचे क्षेत्र गावनिहाय सांगणाऱ्या जिल्ह्यास आपल्या माणसांचे आजार मात्र ठाऊक नसावेत, हे चमत्कारिक आहे.

येथे एका जुन्या आणि बऱ्याच अंशी विस्मरणात गेलेल्या परंपरेचे स्मरण करून देणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात कर्करोगाचे संशोधन परदेशातून आयते आले नाही. ते विकृतिशास्त्राच्या एका मेजावरून सुरू झाले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रुग्णाच्या शरीरातून काढलेली गाठ काचपट्टीवर घ्यावी आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावी, इतकेच त्यांनी केले असते तरी ते चांगले विकृतिशास्त्रज्ञ ठरले असते. त्यांनी त्याबरोबर रुग्ण कोठला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो हेही विचारले. कंबरेवर धोतर वा लुगडे वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने त्या जागी उद्भवणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये वैद्यकजगतासमोर मांडला, तो या विचारपूस करण्याच्या सवयीमुळेच. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत तो असणार कोठून?

त्यांच्याच हाताखाली एका मराठी स्त्रीच्या संशोधनाची जडणघडण झाली. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींनाही उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. कमलने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, ही त्यांची इच्छा. मुलीने ती दोन्ही बाबतींत मोडली. हुजूरपागेतून शालेय शिक्षण, फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राची पदवी, १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह आणि १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम. एस्सी. असा हा क्रम आहे. एम. एस्सी.चा विषय होता सीताफळाच्या कुलातील वनस्पतींची गुणसूत्रे! सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण गुणसूत्रे मोजण्यास बसलेली दृष्टी झाडाची पेशी आणि माणसाची पेशी यांत परकेपणा मानीत नाही. विषयांची दारे आपल्या विद्यापीठांनी एकमेकांसाठी बंद करून ठेवली आहेत. निसर्गाने ती तशी केलेली नाहीत.

मुंबईत आल्यावर त्यांनी टाटा स्मारकात काम धरले आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्या गेल्या. ज्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी शरीराबाहेर प्रथमच अखंड वाढत राहिल्या, ती ही प्रयोगशाळा. त्या पेशींच्या आधारे पुढे जगभर असंख्य प्रयोग झाले. त्या स्त्रीची मात्र संमतीही कोणी घेतली नव्हती. विज्ञानाच्या या ऋणाची कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. रणदिवे यांनी तेथून आणली ती पेशी जिवंत ठेवण्याची कला. काचेच्या पात्रात, योग्य उष्णतेत, योग्य पोषकद्रवात आणि जंतूंचा स्पर्श होऊ न देता पेशी वाढविणे यास ऊतिसंवर्धन म्हणतात. ऐकावयास ते सोपे वाटते. स्वयंपाकघरात विरजण लावणारी गृहिणी जितकी काळजी घेते, तिच्या शतपट काळजी घेऊनही पात्रे नासतात आणि आठवड्यांचे श्रम मोरीत ओतावे लागतात. परदेशातील उत्तम जागा न स्वीकारता त्या मायदेशी परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हा उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी घेतलेला शोध त्यांच्या कार्याचा गाभा मानला जातो. रक्ताचा व अन्ननलिकेचा कर्करोग आणि कुष्ठरोगाचे जंतू याही विषयांत त्यांनी काम केले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राचे संचालकपद त्यांनी सांभाळले. १९७३ मध्ये भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुरस्कारांहूनही लक्षात राहावी ती निवृत्तीनंतरची गोष्ट. त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करण्यासाठी ही पेशीशास्त्रज्ञ खेड्यांत जाऊ लागली. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. शाळेच्या पाठ्यपुस्तकात मेरी क्युरी वाचणाऱ्या मुलींपैकी किती जणींना हे नाव ठाऊक असेल? शिक्षकांनी एकदा वर्गात विचारून पाहावे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी या पेशीविज्ञानाचा संबंध फार निकटचा आहे. कर्करोग पायरीपायरीने कसा घडतो हे शास्त्रज्ञांस सर्वांत स्पष्ट दिसले ते याच अवयवात. आतड्याचे आतले अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. अस्तरातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी मूलपेशी असतात, त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकतात आणि काठाशी येऊन गळून पडतात. जन्मभर चालणाऱ्या या रहाटगाडग्यात एखाद्या जनुकात बिघाड झाला की पेशी गळून पडण्याचे विसरते, तेथे लहानसा मोड येतो, पुढे दुसऱ्या, तिसऱ्या जनुकात बिघाड होत जातो आणि बहुधा दहा-एक वर्षांनी त्या मोडाचा कर्करोग होतो. ही मालिका १९९० मध्ये फिअरॉन व व्होगेलस्टाइन यांनी मांडली आणि तीही बाल्टिमोरच्या त्याच जॉन्स हॉपकिन्समधून. रोग व्हावयास दहा वर्षे लागतात याचा व्यवहारातील अर्थ असा की, त्यास अडविण्यासही दहा वर्षे मिळतात. मोड वेळीच काढला तर कर्करोग होतच नाही. फार थोड्या कर्करोगांच्या बाबतीत असे म्हणता येते.

रणदिवे ज्या संस्थेत होत्या, ती १९६६ मध्ये रुग्णालयाशी जोडली जाऊन टाटा स्मारक केंद्राचा भाग झाली आणि तिचे संशोधन पुढे नवी मुंबईत खारघरला गेले. तेथे सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर जे काम केले आहे, ते या परंपरेतील अलीकडचा दुवा म्हणून पाहण्यासारखे आहे. भिंतीतील विटा जशा चुन्याने, तशा अस्तरातील पेशी एकमेकींस प्रथिनांच्या गाठींनी बांधलेल्या असतात. त्या गाठींतील प्लॅकोफिलिन-३ हे प्रथिन काढून टाकले तर काय होते? एचसीटी-११६ या आतड्याच्या कर्करोगपेशींत हा प्रयोग झाला आणि २००८ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले: पेशींची परस्परांवरील पकड सैल पडते, त्या भटकू लागतात आणि उंदरांत रोग पसरतो. मग शोध सुरू झाला तो या सैलपणामागील साखळीचा. एका प्रथिनातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे करीत ही मंडळी लिपोकॅलिन-२ या प्रथिनापर्यंत आली. पेशीतील लोहामुळे ओढवणारा एक विशिष्ट प्रकारचा मृत्यू हे प्रथिन टाळते आणि म्हणून औषधे कर्करोगपेशींवर चालेनाशी होतात, असे २०२१ च्या निबंधात दाखविले गेले. त्या प्रथिनास निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिले तेव्हा औषधाचा परिणाम पुन्हा दिसू लागला. हे सारे अजून प्रयोगशाळेतील पेशींपुरते आणि उंदरांपुरते आहे, हे विसरता कामा नये. परंतु पहिल्या प्रश्नापासून या टप्प्यापर्यंत येण्यास तेरा वर्षे लागली, हेही विसरता कामा नये. संशोधकाचे आयुष्य असेच असते. अशा एकेका प्रश्नावर विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्या पीएच. डी. होऊन जातात.

मग बुलढाण्याने यात काय करावयाचे? खारघरची प्रतिकृती बुलढाण्यात उभारा, असे कोणी म्हणणार नाही. पण जिल्ह्यापाशी जे आहे ते खारघरपाशी नाही, आणि ते म्हणजे त्याची माणसे व त्यांचे जीवन. १९६७ मध्ये रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी पचनमार्गाच्या कर्करोगांचा भारतातील भौगोलिक विस्तार एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला. साधन कोणते? देशभर पसरलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी. आहारातील चोथा, अन्न चावून खाण्याची सवय व आंबवलेले दुग्धपदार्थ यांचा आतड्याच्या कर्करोगाशी संबंध असावा, हा विचार त्यांनी पुढे १९७७ मध्येही मांडला. आफ्रिकेतील अनुभवावरून डेनिस बर्किट हेही १९७१ मध्ये चोथ्याकडेच वळले होते. नंतरच्या मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष एकमुखी निघाले नाहीत. तरीही चोथ्यावर आतड्यातील जंतू जे ब्युटिरेट तयार करतात ते अस्तराच्या निरोगी पेशींचे अन्न आहे, एवढे पेशीविज्ञानाने दाखविले आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून रोज शेकडो रेल्वे कर्मचारी जातात-येतात. त्यांच्यासारख्यांच्याच रुग्णपत्रिकांतून एका दक्ष डॉक्टरने जगास वाचावयास लावणारा निबंध काढला. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाणारा वऱ्हाडी माणूस दोन पिढ्यांत रेशनच्या गव्हाकडे, मैद्याकडे आणि तळलेल्या पुड्यांकडे वळला. या स्थित्यंतराने त्याच्या आतड्याचे काय केले, हे विचारण्याचा पहिला अधिकार आणि पहिली सोय बुलढाण्याचीच आहे.

दूरच्या संशोधकांची वाट पाहत बसण्यात काय हशील, हे जिल्ह्याने नुकतेच अनुभवले. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या प्रारंभी शेगाव तालुक्यातील व आसपासच्या गावांत माणसांचे केस झपाट्याने गळून टक्कल पडू लागले. वृत्तपत्रांनी, दूरचित्रवाणीने गावे गजबजली. तर्कांना ऊत आला. दिल्लीहून तज्ज्ञांची पथके आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः होऊन रक्त, लघवी, केस आणि गहू यांचे नमुने तपासले व गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावात जन्मलेल्या या डॉक्टरांनी विंचूदंशावरील आपले संशोधनही महाडसारख्या तालुक्याच्या गावी रुग्ण तपासता तपासताच केले आणि ते लंडनच्या ‘लॅन्सेट’ने छापले. साधने कमी होती, पण रुग्णाच्या उशाशी बसून नोंद ठेवण्याची चिकाटी होती. ती सरकारी अनुदानातून मिळत नाही.

जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांतून दरवर्षी प्राणिशास्त्राचे, सूक्ष्मजीवशास्त्राचे, रसायनशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा हुकली की आपले विज्ञान संपले, अशी त्यांची व त्यांच्या पालकांची समजूत असते. मग स्पर्धा परीक्षा, नाही तर खाजगी शिकवणी. कमल रणदिवे यांनी डॉक्टर न होता कर्करोगाचे काम केले हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाने आणि नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने ठरविले, तर याच पदवीधरांतून नोंदणीस ठेवावयाचे कार्यकर्ते, काचपट्ट्या तयार करणारे तंत्रज्ञ आणि पुढे संशोधक मिळू शकतात. त्याच गाडगेबाबांच्या नावाने मुंबईत दादरला धर्मशाळा आहे आणि टाटा रुग्णालयात आलेले दूरदूरचे रोगी व त्यांचे नातेवाईक तेथे दिवस काढतात. त्यांतील बुलढाणा जिल्ह्याच्या माणसांना परळला जाण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यात किती दारे ठोठवावी लागली आणि त्यांत किती महिने गेले, एवढीच पाहणी कोणी केली तरी एका प्रबंधाचा विषय होईल.

मोठ्या योजना, मोठ्या इमारती यथावकाश होतील. तूर्त जिल्ह्यातील कोणत्याही शस्त्रक्रियागृहात माणसाच्या शरीरातून काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे यावा, तो विनामूल्य तपासला जावा आणि त्याचे उत्तर पंधरा दिवसांच्या आत संबंधित डॉक्टरला मिळावे, अशी व्यवस्था करता येईल. त्या बाटलीवरील चिठ्ठीत रुग्णाचे वय, व्यवसाय, व्यसन, आहार आणि गाव लिहिण्यास पाच रकाने लागतात. खानोलकरांच्या वहीत ते रकाने होते.